फुल थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं ओरडतं, बोट उठतच नाही. पंखा स्लिप होतोय का?

कर्ली_खाडी:
नमस्कार मंडळी. मालवणजवळ देवबागला आमची १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ११५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, लाँग शाफ्ट म्हणजे २० इंची. मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो, डॉल्फिन बघायला लोकांना नेतो आणि सुट्ट्यांत बनाना राईड. या सीझनला नवीनच त्रास सुरू झालाय आणि डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय.

होतं असं की ड्रायव्हर, खलाशी आणि सहा पॅसेंजर असे आठ जण बसले आणि थ्रॉटल पुढे ढकलला की बोटीचं नाक वर जातं, मागचा भाग बसतो, आणि प्लेनवर यायच्या, म्हणजे पाण्यावर उचलून धावायच्या ऐन वेळेला इंजिनचा आवाज एकदम चढतो, आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) मीटर सरळ ५९०० ला, पण बोट काय पुढे जात नाही, जीपीएसवर ९ नॉट. मागे बघितलं तर नुसता पांढरा फेस. थ्रॉटल ३००० वर आणला की परत पकड येते, मग हळूहळू वाढवत नेलं तर कधीतरी उठते, पण तोपर्यंत अर्धी खाडी संपते. एकदा उठली की बरी चालते, ५६०० ला २५ नॉट. पण वळण जरा जोरात घेतलं की पुन्हा तेच. दोघंच असलो तर सरळ जाताना काही वाटत नाही.

आता मुद्दा फक्त पेट्रोलचा नाही हो. कर्ली नदीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे, तिथे ओहोटीला लाटा फुटतात, बाहेर पडताना दोन लाटांच्या मधे बोट झटकन उठवून पलीकडे जावं लागतं. मागच्या आठवड्यात बरोब्बर तिथेच इंजिनने आवाज केला आणि बोट जाग्यावर. लाट नाकावरून आत आली, एक लहान मुलगी होती, रडायला लागली. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती. त्या दिवसापासून आठ जण घ्यायचं बंद केलंय.

पंखा ३ पात्यांचा ॲल्युमिनियमचा, १३ १/४ × १७, म्हणजे व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पुढे जायचं अंतर), इंचात. आधी स्टीलचा होता तो दिवाळीच्या आधी दगडाला लागला, दोन पाती वाकली, म्हणून हा घेतला. गिअर रेशो २.१५, म्हणजे इंजिनचे २.१५ फेरे तेव्हा पंख्याचा एक. कुणी म्हणतं पंख्याला शाफ्टशी धरणारा आतला रबर बुश गेला, कुणी म्हणतं पंखाच बदल. नवीन स्टीलचा घ्यायचा म्हणजे परत मोठा खर्च. घ्यायच्या आधी काय काय तपासू सांगा.

सुसाट_७७:
भावा साधं आहे, आरपीएम जास्त जातोय म्हणजे पिच कमी पडतोय. १९ पिच टाक, आरपीएम खाली येईल आणि टॉप स्पीड पण वाढेल. विषय संपला.

मिऱ्या_बंदर:
१९ अजिबात टाकू नका. मी २२ वर्षं आउटबोर्डची कामं करतोय, रत्नागिरीला. पिच वाढवला की पात्याचा कोन जास्त तिरका होतो, सुरुवातीला इंजिनवर लोड वाढतो, आणि हवा खाणारा पंखा आणखी लवकर पाणी सोडतो. पिच ठरवायचा तो पंख्याने पाणी पकडल्यावरचा आरपीएम बघून. तुमचा ५९०० हा आकडा खोटा आहे, तो फेसातला आकडा आहे.

पहिलं काम बुशचं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद, चावी काढा, किल स्विचची दोरी पण काढून खिशात टाका, मगच पंख्याला हात. पंख्याच्या मागच्या बाजूला नट असतो तिथे आतली पितळी नळी आणि बाहेरचं ॲल्युमिनियमचं नळकांडं दिसतं, मधे रबर. नळीपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा, ऑइल पेंटने ओढा, मार्करची रेघ पाण्यात जाते. सुकू द्या. मग बोट घेऊन जा, दोन-तीन वेळा तोच त्रास होऊ द्या, आणि परत येऊन रेघ बघा. रेघ तुटून दोन्ही तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील तर बुश फिरतोय. रेघ सरळ आहे तर बुशला विसरा.

तसं तुमचं वर्णन वाचून बुश वाटत नाही. बुश गेला की हळू चालवताना चांगलं चालतं आणि ताकद लावली की प्रत्येक वेळी घसरतं, सरळ असो की वळणावर, दोघं असोत की आठ. आणि २५ नॉट तर कधीच देत नाही. क्लच डॉग, म्हणजे गिअर पकडणारा दातांचा तुकडा, गेला असेल तर खट् खट् असा दणका बसतो, सीटला जाणवतो, तो पण तुम्ही लिहिला नाहीत.

पंखा काढालच तेव्हा मागे शाफ्टवर तंगूस गुंडाळला आहे का नक्की बघा. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा आत जाऊन सील कापतो, मग गिअर ऑइलमधे पाणी. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांना, मरीन ग्रीस लावा, थ्रस्ट वॉशर ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने बसवा, स्प्लिट पिन नवीन घाला.

आणि मला दोन फोटो हवेत. एक पंख्याच्या नळकांड्याच्या मागच्या कडेचा. दुसरा बोट बाहेर काढून, इंजिन पूर्ण खाली सोडून, बाजूने, म्हणजे बोटीचा तळ आणि पंख्याच्या वरची आडवी प्लेट दोन्ही एका फोटोत दिसतील असा.

जुना_चीफ:
मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होतो, आता निवृत्त, गाव वेंगुर्ला. स्लिप या शब्दावरून लोकांचा नेहमी घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचा निवांत.

१७ पिच म्हणजे काय, तर लाकडात स्क्रू पिळतो तसा पंखा पाण्यात पिळला तर एका फेऱ्यात १७ इंच पुढे जायला हवा. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, ते मागे सरकतं, म्हणून प्रत्यक्षात तेवढा जात नाही. जो फरक पडतो ती स्लिप. जहाजावर आम्ही हे रोज दुपारी १२ वाजता काढायचो, चोवीस तासांचे इंजिनचे एकूण फेरे गुणिले पिच, आणि जहाजाने खरंच कापलेलं अंतर, दोन्ही लॉगबुकात शेजारी शेजारी लिहायचो. स्लिप हळूहळू वाढत चालली की समजायचं तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतोय.

तुमच्यासाठी हिशोब: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५. उत्तर नॉटमध्ये. १२१५ कुठून आला, तर एका सागरी मैलात १८५२ मीटर म्हणजे सुमारे ७२,९१३ इंच, त्याला ६० मिनिटांनी भागलं. आता तुमचे आकडे घालू. ५६०० × १७ भागिले २.१५ भागिले १२१५ म्हणजे ३६.४ नॉट. तुम्हाला मिळतात २५. म्हणजे स्लिप ३१ टक्के. आणि ज्या वेळी इंजिन ओरडतं तेव्हा ५९०० ला हिशोबाने ३८.४ नॉट, मिळतात ९, म्हणजे ७७ टक्के स्लिप.

उठताना स्लिप जास्तच असते, त्याला घाबरू नका, बोट जाग्यावरून हलते तेव्हा तर ती १०० टक्केच असते. शून्य स्लिप पण नको असते, कारण थोडी स्लिप आहे म्हणूनच पात्याला पाण्याशी कोन मिळतो आणि ढकलायची ताकद तयार होते. पण प्लेनवर आल्यावर, भरलेल्या कामाच्या बोटीला १० ते २० टक्क्यांत बसायला हवं. ३१ म्हणजे बोट उठल्यावर सुद्धा तुमचा पंखा नीट पाण्यात नाही. तुम्ही म्हणता एकदा उठली की बरी चालते, ती बरी चालत नाहीये, तुम्हाला सवय झाली आहे.

एक काळजी घ्या. खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते आणि जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो. ओहोटीबरोबर जाताना वेग फुकटचा जास्त दिसतो. म्हणून एकच पट्टा एकाच आरपीएमला दोन्ही दिशांनी मारा आणि सरासरी घ्या.

आता कॅव्हिटेशन आणि व्हेंटिलेशन. दोन्हींना लोक सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात, पण इलाज वेगळे आहेत. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही, पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की पाणी तिथल्या तिथे उकळतं. ३० अंशाचं पाणी उकळायला दाब हवेच्या दाबाच्या साधारण चोविसाव्या हिश्श्यापर्यंत खाली यावा लागतो. त्या वाफेचे बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि पात्यावर उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. व्हेंटिलेशन म्हणजे वरून हवा किंवा इंजिनचा धूर पात्यात ओढला जाणं. त्यात आरपीएम एकदम पळतो आणि थ्रॉटल कमी केला की लगेच पकड येते. तुमचं दुसरं आहे.

इंजिनची ताकद भरपूर आणि पंखा पाणी सोडतोय हे दुखणं फार जुनं आहे. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया नावाची बोट बांधली, ताकद प्रचंड, पण एकाच पंख्यावर बोट पळेना. शेवटी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवून भार वाटून दिला, तेव्हा १८९७ मध्ये ती ३४ नॉटच्या वर गेली. न्यूकॅसलला म्युझियममध्ये ती आजही आहे, मी तासभर तिच्या शेपटाकडे बघत उभा होतो. सांगायचं कारण, तिथेही इंजिनात दोष नव्हता. दोष होता इंजिनची ताकद पाण्याला देतो त्या जागी. तुम्हीही इंजिनला हात लावू नका, त्या जागेकडे बघा.

कर्ली_खाडी:
काका, मिऱ्यावाले दादा, खूप खूप आभार. रेघ ओढून बघितली. तीन वेळा मुद्दाम फेस काढला, रेघ जशीच्या तशी, केसाइतकी पण हलली नाही. म्हणजे बुश ठीक. तंगूस मात्र निघाला, वीतभर, काळा पडलेला. सील अजून वाचलंय, ऑइल स्वच्छ आहे.

फोटो टाकलेत. आता खरं सांगायचं तर फोटो काढताना एक गोष्ट लक्षात आली. मागच्या वर्षी खाडीत वाळू वाढली आणि स्केग, म्हणजे पंख्याखालचा कल्ला, सारखं घासत होतं म्हणून आम्ही इंजिन दोन भोकं वर घेतलं होतं. तेव्हा स्टीलचा पंखा होता आणि काहीच त्रास झाला नाही, म्हणून ते डोक्यातून निघूनच गेलं होतं. भाऊ म्हणतो, त्याने काही होत असतं तर तेव्हाच झालं असतं. हे बरोबर आहे का?

मिऱ्या_बंदर:
फोटो बघितले, दोन्ही उत्तरं त्यातच आहेत.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर. स्टीलच्या पंख्याच्या पात्याची मागची कड बघा, चमच्याच्या कडेसारखी आत वळलेली असते, त्याला कप म्हणतात. तो कप पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे पंखा पृष्ठभागाच्या जवळ आला तरी पाणी सोडत नाही. शिवाय स्टीलचं पातं पातळ असतं आणि वाकत नाही. तुमच्या नवीन ॲल्युमिनियमच्या पंख्याला कप जवळजवळ नाहीच, कड सपाट आहे. म्हणजे इंजिन वर असलेलं जुन्या पंख्याने निभावून नेलं, नवीन पंख्याला ते झेपत नाही. एकट्या पंख्याचा पण दोष नाही आणि एकट्या उंचीचा पण नाही.

दुसरं, नळकांड्याची मागची कड. ती तुतारीच्या तोंडासारखी बाहेर पसरलेली असायला हवी. तुमच्या इंजिनचा धूर पंख्याच्या मधून, त्या नळकांड्यातून मागे जातो. ती पसरलेली कड धुराला मागेच अडवते, पुढे पात्यांकडे येऊ देत नाही. तुमच्या फोटोत त्या कडेचा बोटभर तुकडा उडालाय, खालच्या बाजूला, बहुतेक वाळूत लागला असेल. बोट जाग्यावरून उठताना मागे पाण्याचा दाब जास्त असतो, धूर त्या फटीतून पुढे येतो आणि थेट पात्यांत शिरतो. मालवणीत सांगायचं तर पंखो पाण्यात नाय, फेसात फिरता.

आता माप घ्या. बोट ट्रॉलीवर असताना इंजिन असं ठेवा की पंख्याच्या वरची प्लेट बोटीच्या तळाला समांतर येईल. एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी तळाला, मधल्या कण्याच्या रेषेत लावा आणि मागे पंख्यापर्यंत ओढून धरा. पट्टीच्या वरच्या कडेपासून प्लेटपर्यंत किती अंतर आहे ते मिलिमीटरमध्ये सांगा. तुमच्यासारख्या बोटीला शून्य ते २५ मिलिमीटर वर एवढं चालतं.

निवतीची_लाट:
मी निवती बाजूला डायव्हिंगची बोट चालवते, नऊ वर्षं झाली. इंजिनचं दादांनी सांगितलंच आहे, मी हाताचं सांगते, कारण इंजिन खाली घेतलं तरी चालवायची सवय तीच राहिली तर वळणावर आणि लाटेत परत फेस निघणार.

तुमचे सहा पॅसेंजर कुठे बसतात? मला खात्री आहे मागे, कारण पुढे उडते म्हणून कुणी बसत नाही. त्यात पेट्रोलची टाकी मागे, कॅनही मागे. मागचा भाग जेवढा जड तेवढं नाक जास्त वर, आणि नाक वर गेलं की पंख्याचा जोर सगळा पुढे न जाता थोडा वाया जातो. मी निघताना दोघांना तरी पुढच्या बाकावर बसवते आणि खलाशाला नाकाजवळ उभं न करता बसवते. बोट उठली की मग लोक मागे सरकले तरी चालतं. दोन माणसं चार फूट पुढे गेली की केवढा फरक पडतो ते करून बघा, मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

ट्रिम, म्हणजे इंजिनचा कोन, पूर्ण आत. बटण खाली दाबून इंजिन ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, चिकटेपर्यंत. बरेच जण आदल्या फेरीत बाहेर काढलेलं ट्रिम तसंच ठेवून निघतात, तेव्हा पंखा वरच्या दिशेला तोंड करून असतो आणि हवा ओढतो. उठल्यावर मग थोडं थोडं बाहेर, नाक हलकं होईपर्यंत. डुलायला लागली की एक टिचकी परत आत.

थ्रॉटल एकदम आदळू नका. दोन-तीन सेकंदांत एकसारखा पुढे न्या, बोट पुढे सरकू दे, पंख्याला नवीन पाणी मिळू दे. सुकाणू सरळ. आणि आवाज चढलाच तर धरून ठेवू नका, कित्येक जण तसंच दाबून ठेवतात की आत्ता पकडेल मग पकडेल, नाही पकडत, हवेची पिशवी तशीच राहते. पूर्ण खाली आणा, एक श्वास थांबा, परत द्या.

आणि दादा, कर्लीच्या तोंडावर ओहोटी आणि उधाण एकत्र असेल तर कितीही चांगला पंखा असला तरी लोकांना घेऊन जाऊ नका. मी तिथे चांगल्या बोटी आडव्या झालेल्या पाहिल्या आहेत. भरतीची वाट बघा, पॅसेंजर कुरकुरतील, कुरकुरू दे. आठ जण घ्यायचं बंद केलंत हे वाचून बरं वाटलं, मुलगी रडली त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही म्हणजे बोट योग्य माणसाच्या हातात आहे.

टेक्सास_मराठी:
मी ऑस्टिनला असतो, इथे तलावात मासेमारीची बास बोट आहे माझी. इथे लोक मुद्दाम इंजिन खूप वर लावतात कारण पाण्यात लोखंड कमी तेवढा वेग जास्त, पण त्यांचे पंखे भरपूर कप असलेले स्टीलचे असतात आणि बोटीत दोन माणसं. ते बघून कुणी कामाच्या भरलेल्या बोटीत तसं करू नये.

दोन गोष्टी ॲड करतो. एक, स्टीलच्या काही पंख्यांना पात्याच्या मुळाशी नळकांड्यात छोटी भोकं असतात. ती मुद्दाम असतात, सुरुवातीला थोडा धूर आत सोडून पंखा घसरवायचा म्हणजे इंजिनला आरपीएम पटकन मिळतो. तुमचा जुना पंखा दुरुस्त होऊन आला तर बघा तसली भोकं आहेत का, बुच मिळतात ती बंद करायला. धूर आधीच शिरत असेल तर ही भोकं घात करतात.

दुसरं, फिश फाइंडरचा सेन्सर ट्रान्समला लावलाय का? माझ्या बोटीला घेतल्यावर महिनाभर मी पंख्याला दोष देत होतो, शेवटी कळलं की सेन्सर बरोब्बर पंख्याच्या पुढे लावला होता, त्याच्या मागे बुडबुड्यांची रेघ तयार व्हायची आणि ती पंख्यात. बाजूला दीड फूट सरकवला आणि संपलं. पंख्याच्या समोर तळाला काही पण लटकत असेल, दोरी, पट्टी, फायबरचा उंचवटा, ते आधी साफ करा.

४ पात्यांचा पंखा पण विचारात घ्या, टॉपला एखाद दोन नॉट जातात पण उठताना आणि वळणावर पकड फार छान.

कर्ली_खाडी:
सेन्सर आहे पण तो डाव्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब. तळ घासून घेतला, हिरवा थर होता, मागच्या भागात शिंपले पण होते.

माप: प्लेट तळाच्या ५५ मिलिमीटर वर. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा भावाने.

मिऱ्या_बंदर:
५५ म्हणजे फार झालं. दोन्ही भोकं परत खाली या. एका भोकापासून दुसरं पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, दोन भोकं ३८, उरतील १७. बरोब्बर जागेवर.

इंजिन पावणेदोनशे किलोच्या आसपास आहे, हाताने उचलायला जाऊ नका. चेन ब्लॉक लावा, इंजिनच्या वरच्या लिफ्टिंग हुकलाच अडकवा, वजन चेनवर आलं की मग बोल्ट. ट्रान्समची भोकं तीच राहतात, ब्रॅकेटचं भोक बदलतं. बोल्ट बाहेर आले की ट्रान्समच्या आतल्या प्लायवुडमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून बघा, ओला भुगा निघाला तर काम थांबवा आणि इथे सांगा, तो वेगळा विषय आहे. कोरडं असेल तर भोकात मरीन सीलंट भरून बोल्ट, साधं सिलिकॉन नको.

एक अजून. इंजिन एवढं वर असताना थंड करायच्या पाण्याच्या जाळ्या पण वर येतात आणि त्या हवा खातात. फेस निघतो तेव्हा मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते का, बघितलंय कधी? इंपेलर, म्हणजे त्या पाण्याच्या पंपाचं रबरी चाक, पण बघून घ्या.

कर्ली_खाडी:
हो, धार तुटायची! मला वाटायचं आवाजामुळे लक्ष जात नाही म्हणून तसं दिसतं.

काम केलं रविवारी. शेजाऱ्यांच्या माडाला नाही, नीट लोखंडी घोडीला चेन ब्लॉक लावून केलं, चार जण होतो. प्लाय कोरडा, खडखडीत. इंपेलरची दोन पाती वाकून तशीच बसली होती, नवीन घातला. पंखा तोच ठेवला, मुद्दाम, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

सोमवारी सकाळी भरती भरत आलेली, गावातल्याच आठ जणांना बसवलं, दोघं पुढच्या बाकावर, कॅन पण पुढे घेतला. ट्रिम पूर्ण आत, ताईंनी सांगितलं तसा थ्रॉटल मनात एक-दोन-तीन म्हणत पुढे नेला. नाक वर गेलं, मी तो आवाज यायची वाट बघत होतो, हात थ्रॉटलवर घट्ट. आवाज आलाच नाही. ४२०० च्या आसपास मागचा भाग उचलला गेल्याचं सीटला कळलं आणि नाक खाली बसलं. भाऊ मागे बघत होता, म्हणाला फेस नाय, पाणी दिसता.

दोन्ही दिशांनी पट्टा मारला काका. ५३०० ला जाताना २९.५, येताना २६.५, सरासरी २८. तुमच्या हिशोबाने ५३०० ला ३४.५ येतात, म्हणजे स्लिप १९ टक्के. आरपीएम ३०० ने कमी आणि वेग ३ नॉटने जास्त. धार मनगटाएवढी नाही पण अखंड.

जोरात वळण घेतलं की अजून थोडासा फेस येतो, एक सेकंद, मग पकडतो.

जुना_चीफ:
उत्तम. हे आकडे बोटीतल्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. दर महिन्याला तोच पट्टा, तेवढीच माणसं. १९ चे २३ झाले की तळ घासायची वेळ झाली असं समजा.

मिऱ्या_बंदर:
वळणावरचा फेस त्या तुटलेल्या कडेचा आहे. हा पंखा आता जास्त वापरू नका, स्पेअर म्हणून ठेवा. तुमचा वाकलेला स्टीलचा फेकला नाही ना? पाती सरळ करून, कप परत काढून मिळतो, नव्याच्या बऱ्याच कमी पैशात. देताना सांगा की तिन्ही पात्यांचा पिच सारखा मोजून द्या, डोळ्याने नको.

कप काढल्यावर आरपीएम अजून दीडशे-दोनशेने खाली येईल. आठ जणांना घेऊन ५००० च्या खाली गेला तर इंजिन दमतंय असं समजा, मग १५ पिचचा विचार करू. इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलचा आरपीएम दिलेला असतो, भरलेल्या बोटीत त्या पट्ट्यात राहायचं.

निवतीची_लाट:
वाचून खूप बरं वाटलं. पण आता इंजिन ३८ मिलिमीटर खाली आलंय, वाळूचं काय करणार? ज्या कारणाने वर घेतलं होतं ते कारण तिथेच आहे.

कर्ली_खाडी:
त्याचाच विचार दोन दिवस चाललाय ताई. ठरवलंय असं की खाडीतल्या उथळ पट्ट्यात बोट उठवायचीच नाही. जेटीपासून तिथपर्यंत इंजिन अर्धं वर ट्रिम करून, १२०० वर, हळू. काल ओहोटीला भाऊ कंबरभर पाण्यात चालत गेला आणि वाळू जिथे वर आलीये तिथे दोन्ही कडांना बांबू रोवून आलाय, लाल कापड बांधून, म्हणजे बाकीच्या बोटवाल्यांना पण दिसेल. बांबूच्या पलीकडे गेल्यावरच थ्रॉटल. उशीर होतो सात-आठ मिनिटं, होऊ दे.

स्टीलचा पंखा माळ्यावर होता, काढलाय. भोकं नाहीत त्याला, बघितलं. उद्या दुरुस्तीला पाठवतो. परत आला की तोच पट्टा, तेवढीच माणसं घेऊन मारतो आणि आकडे इथेच टाकतो.